अजिंठ्याचे मेजर गिल

मेजर रॉबर्ट गिल हे नाव मराठी माणसाच्या कानावर येते ते बहुधा एका प्रेमकथेच्या आधाराने. अजिंठ्याची लेणी रंगवावयास आलेला गोरा चित्रकार आणि त्याच्यावर जीव लावणारी तिथली पारो ही कथा लोकांच्या तोंडी होतीच. कवी ना. धों. महानोर यांनी १९८४ साली ‘अजिंठा’ ही दीर्घ कविता लिहून तिला मराठी साहित्यात स्थान दिले. पुढे २०१२ साली त्याच नावाच्या चित्रपटाने ती घरोघरी नेली. कथा हृदयंगम आहे, यात शंका नाही. परंतु तिच्या गोडव्यात एक गोष्ट झाकली गेली. ज्या कामासाठी हा मनुष्य अजिंठ्यास आला आणि ज्यात त्याच्या आयुष्याचा जवळजवळ अर्धा भाग गेला, ते काम काय होते, त्याचे पुढे काय झाले आणि त्यातले आज काय उरले आहे, हे विचारण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. उत्तर तर कथेहूनही मनाला चटका लावणारे आहे. गिल यांनी कुंचल्याने केलेले जवळजवळ सारे काम एका आगीत भस्मसात झाले. कॅमेऱ्याने केलेले काम मात्र टिकले.

अजिंठ्याची लेणी म्हणजे वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर, उभ्या कड्याच्या पोटात कोरलेली सुमारे तीस लेणी. त्यांतली सर्वांत जुनी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासची आणि बरीचशी पाचव्या शतकातली. भिक्षूंची वसती उठल्यावर ही लेणी रानाच्या आणि वटवाघळांच्या स्वाधीन झाली. आसपासच्या रहिवाशांना ती ठाऊक नव्हती असे नव्हे. परंतु बाहेरच्या जगाला त्यांची वार्ता लागली ती १८१९ साली. त्या वर्षी जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तेथे पोहोचला. दहाव्या लेण्यातील एका खांबावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली, ती आजही दाखविली जाते. एका प्राचीन चित्रावर आपले नाव कोरणारा हा सैनिक आणि त्याच लेण्यांतील चित्रे वाचविण्यासाठी झिजणारा दुसरा सैनिक, ही दोन माणसे एकाच मद्रास लष्कराची होती, हाही इतिहासाचा एक विलक्षण योग म्हटला पाहिजे.

या लेण्यांकडे सरकारचे लक्ष वेधण्याचे श्रेय जेम्स फर्ग्युसन यांना द्यावे लागते. निळीच्या व्यापारात पैसा मिळवून नंतर भारतीय वास्तुशिल्पाच्या अभ्यासाला वाहून घेतलेल्या या गृहस्थांनी १८३९ साली अजिंठा पाहिला आणि १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातील कोरीव लेण्यांवर निबंध वाचला. ओल, कीटक, धूर आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे हात यांमुळे ही भित्तिचित्रे झपाट्याने नष्ट होत आहेत, तेव्हा ती पूर्ण नाहीशी होण्यापूर्वी त्यांच्या नकला करून ठेवाव्यात, असा आग्रह सोसायटीने ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांकडे धरला. संचालकांनी तो मानला. १८४४ साली मद्रास सरकारने या कामावर ज्याची नेमणूक केली, तो ४४व्या मद्रास देशी पायदळ पलटणीतील कॅप्टन रॉबर्ट गिल.

गिल यांचा जन्म २६ सप्टेंबर १८०४चा. वयाच्या विशीच्या सुमारास ते कंपनीच्या मद्रास लष्करात दाखल झाले आणि पायरीपायरीने कॅप्टनच्या पदास पोहोचले. चित्रे काढण्यासाठी सैनिकाची निवड व्हावी याचे आज नवल वाटेल. पण त्या काळी ते तसे नव्हते. कॅमेरा हाती येण्यापूर्वी मुलखाचा नकाशा, किल्ल्याची तटबंदी, नदीचा उतार हे सारे अधिकाऱ्याला हातानेच रेखाटावे लागे. त्यामुळे चित्रकलेचे ज्ञान हा लष्करी शिक्षणाचाच एक भाग असे. दिसते तसे काढावे, पदरचे काही घालू नये, हा त्या रेखाटनाचा पहिला नियम. अजिंठ्याच्या कामाला हाच गुण हवा होता. तेथे नवी कलाकृती निर्माण करावयाची नव्हती. पंधरा शतकांपूर्वीच्या अज्ञात चित्रकारांनी जे लिहून ठेवले होते, त्याची इमानाने प्रत करावयाची होती.

चाळिशीला आलेला हा अधिकारी अजिंठ्यास आला आणि लेण्यांपासून काही कोसांवर, घाटमाथ्यावरील अजिंठा गावच्या बारादरीत राहू लागला. गाव निजामाच्या राज्यातले, तटबंदीचे. मोठी सराय असलेले. १८०३ साली जवळच असईच्या रणांगणावर शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या सैन्याशी वेलस्लीची निकराची लढाई झाली, तेव्हा त्याच्या जखमी शिपायांना आणून ठेवले होते ते याच गावात. चार दशकांनंतर त्याच गावी एक सैनिक रंग आणि कापडाच्या गुंडाळ्या घेऊन उतरला. पुढची पस्तीस वर्षे हाच त्याच्या जीवनाचा परिसर होता.

लेण्यांतील काम कसे होते याची कल्पना आज विजेच्या सौम्य प्रकाशात चित्रे पाहणाऱ्याला येणे कठीण आहे. विहारांची रचना अशी, की समोरची ओसरी उजळलेली असते, परंतु आत दहावीस पावले गेले की काळोख दाटतो. सूर्य एका ठराविक वेळीच आत डोकावतो आणि लगेच सरकतो. भिंतींवर शतकांचा धूर आणि काजळी बसलेली. कोठे गिलावा फुगून सुटलेला, कोठे ओलीने रंग उडालेला. छतावरील चित्र उतरवावयाचे तर परातीवर चढून, मान मागे टाकून तासन्‌तास पाहावे लागे. पावसाळ्यात ओढे भरून वाट बंद होई, उन्हाळ्यात कातळ तापत असे आणि हिवताप तर पाचवीला पुजलेला. भोवतालच्या रानात वाघ, बिबळे, अस्वले होती आणि कड्याला आग्यामोहळे लटकलेली असत. अशा ठिकाणी गिल यांनी मोठमोठ्या कापडांवर, मूळ चित्राच्याच आकाराच्या तैलप्रती करण्यास आरंभ केला. सहायकांचा ताफा नव्हता आणि पूर्वी असे काम केलेला कोणी मार्गदर्शकही नव्हता. एकेका चित्रास महिने लागत. एकदोन वर्षांत उरकण्याजोगे हे काम नव्हतेच. १८६३ सालापर्यंत ते चालले. तयार झालेली चित्रे गुंडाळून, पेट्यांत भरून, बैलगाडीने बंदराकडे आणि तेथून जहाजाने लंडनला रवाना होत.

याच काळातली पारो. अजिंठा गावात तिचे थडगे आहे आणि तिला २३ मे १८५६ रोजी मृत्यू आला असे त्यावरील शिळा सांगते. ती शिळा गिल यांनी बसविली आणि तिच्यावर तिचा उल्लेख प्रेमाने केला, एवढे निश्चित. बाकीचे रंग कवींनी आणि लोककथेने भरले आहेत, आणि तो त्यांचा अधिकारच आहे. गिल हे विवाहित होते, संसारी होते, हेही कथेच्या ओघात विसरले जाते. परंतु साम्राज्याचा एक अधिकारी आपल्या गावातील एका साध्या स्त्रीचे नाव दगडावर कोरून उघड्यावर उभे करतो, ही गोष्ट त्या काळाचा विचार करता लहान नव्हे. अशा संबंधांतील हजारो स्त्रियांची नावे कोठेही नोंदली गेली नाहीत. पारोचे नाव उरले ते त्या एका शिळेमुळे. नोंद करून ठेवण्याची सवय ज्याच्या हाडीमाशी खिळली होती, अशा माणसाने ते केले, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

आता कॅमेऱ्याकडे वळू. छायाचित्रणाचा शोध जगापुढे आला तो १८३९ साली, म्हणजे फर्ग्युसन अजिंठ्यास आले त्याच वर्षी. दीडएक दशकात ही विद्या हिंदुस्थानात चांगली रुजली. कंपनी सरकारनेही प्राचीन वास्तूंची नोंद करण्यासाठी तिचा उपयोग सुरू केला. १८५५ साली मुंबई तोफखान्याचे कॅप्टन बिग्ज विजापूर, बदामी, ऐहोळे या भागात कॅमेरा घेऊन हिंडत होते, तर मद्रासकडे कॅप्टन ट्राइप बेलूर आणि हळेबीड येथील मंदिरांची छायाचित्रे घेऊन आलेले होते. हे दोघेही सैनिकच. गिल यांनी पन्नाशी ओलांडल्यावर ही नवी विद्या शिकून घेतली. ज्या वयात माणसे निवृत्तीचे हिशेब करतात, त्या वयात.

आणि ती विद्या आजच्यासारखी बोटाच्या टोकावरची नव्हती. त्या काळची प्रचलित रीत ओल्या काचेची होती. स्वच्छ काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव सारखा पसरावयाचा, काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून प्रकाशास संवेदनक्षम करावयाची, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवून चित्र घ्यावयाचे आणि काच सुकण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत नेऊन ते धुऊन काढावयाचे. सारा मामला काही मिनिटांचा. खानदेश आणि वऱ्हाडच्या उन्हात तर ही मिनिटेही कमी होत. पाणी गढूळ असले तर काच डागळे, वारा सुटला तर धूळ बसे, हात कापला तर सारे फुकट. काचा, बाटल्या, तंबू, तिकटी असा गाडीभर संसार सोबत न्यावा लागे तो वेगळाच.

गिल यांनी विशेष करून हाती घेतला तो दुहेरी चित्रांचा प्रकार. माणसाच्या दोन डोळ्यांत जितके अंतर असते, साधारण तितक्याच अंतरावरून एकाच दृश्याची दोन चित्रे घ्यावयाची आणि ती शेजारी शेजारी लावून दोन भिंगांच्या यंत्रातून पाहावयाची. तसे केले की कागदावरचे सपाट चित्र खोल होते, खांबामागे खांब उभा राहतो आणि ओसरीतून गाभाऱ्यापर्यंत नजर चालत जाते. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमधील सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यांत हे यंत्र हटकून असे. लेण्यांसारख्या वास्तूला हा प्रकार किती अनुरूप होता हे सांगावयास नकोच. लेणे हे बांधलेले नसते, कोरलेले असते. खोली हाच त्याचा प्राण असतो.

या कॅमेऱ्याला मर्यादा होत्या. आतल्या काळोखात तो लाचार होता आणि रंग तर त्याला दिसतच नव्हते. ज्या रंगांसाठी अजिंठा प्रसिद्ध, ते टिपण्याचे साधन कुंचला हेच होते. म्हणून गिल यांचा कॅमेरा मुख्यतः दर्शनी भाग, ओसऱ्या, खांब, चैत्यगवाक्षे आणि मूर्ती यांच्याकडे वळला. अजिंठ्यापुरताही तो थांबला नाही. वेरूळची लेणी, वऱ्हाडातील लोणारची मंदिरे, रानातली शिकार, हे सारे त्याने टिपले. १८६४ साली लंडनमध्ये त्यांची दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. एकात कोरीव लेण्यांची चौऱ्याहत्तर छायाचित्रे, तर दुसऱ्यात पश्चिम हिंदुस्थानातील वास्तुशिल्प आणि निसर्ग यांची शंभर दुहेरी छायाचित्रे. दोन्हींचे विवेचन लिहिले ते फर्ग्युसन यांनी. ज्याने हे काम व्हावे म्हणून आवाज उठविला आणि ज्याने ते हातांनी केले, ती दोन माणसे अशी वीस वर्षांनी एका मुखपृष्ठावर एकत्र आली.

दरम्यान तैलचित्रे लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शनार्थ मांडली होती. काचेचा आणि लोखंडाचा तो महाल म्हणजे त्या युगाचे आश्चर्य. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्याच्या एका भागाला आग लागली आणि गिल यांची जवळजवळ सारी चित्रे त्या आगीत गेली. मोजकी चित्रे तेवढी शिल्लक राहिली. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. हिवताप, उन्हाळे, पावसाळे आणि एकाकीपणा यांच्याशी झुंजत जे सुमारे दोन दशकांत उभे केले, ते काही घटकांत राख झाले. त्या चित्रांतील काही भाग तोवर मूळ भिंतींवरूनही नाहीसे झाले होते. म्हणजे मूळही गेले आणि प्रतही गेली.

गिल तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. एखादा मनुष्य अशा बातमीने मोडून पडता आणि मायदेशी परतता, तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. गिल अजिंठ्याच्याच परिसरात राहिले आणि त्यांनी कॅमेरा खाली ठेवला नाही. सैनिकाला ठाणे सोडावयाचे नसते, ही शिकवण त्यांच्या अंगी पुरती भिनलेली दिसते.

आगीत चित्रे गेली, परंतु छायाचित्रे का गेली नाहीत, याचा विचार केला म्हणजे या साऱ्या हकिगतीचे मर्म हाती येते. तैलचित्र एकच असते. ते जेथे असेल तेथे असते आणि तेथे जळले की सर्वत्र जळते. छायाचित्राची काच मात्र आई असते. एका काचेवरून कागदावर कितीही प्रती निघतात, त्या पुस्तकांत चिकटविल्या जातात, ती पुस्तके निरनिराळ्या गावी, निरनिराळ्या कपाटांत जाऊन बसतात. एका घराला आग लागली तरी दुसऱ्या घरातली प्रत सुखरूप असते. हीच गोष्ट छपाईची. १८५६ साली श्रीमती स्पायर यांनी प्राचीन भारतीय जीवनावर लिहिलेल्या पुस्तकात गिल यांच्या काही चित्रांवरून केलेली लहान लाकडी ठशांची चित्रे छापली होती. मूळ भव्य कापडे जळाली, पण ती तळहाताएवढी चित्रे उरली. जे वाटले गेले ते वाचले, जे एकाच ठिकाणी जपून ठेवले ते गेले.

हा धडा एका आगीने पुरता शिकविला असता तर बरे झाले असते. तसे झाले नाही. गिल यांची चित्रे जळाल्यावर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ सालापासून पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांसह पुन्हा नकला करण्यास प्रारंभ केला. १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात आग लागून त्यांतल्याही पुष्कळ चित्रांची राख झाली. उरले ते ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ साली छापून प्रसिद्ध केलेले ग्रंथ. पुन्हा तोच अनुभव आला. पुढे विसाव्या शतकात लेडी हेरिंगहॅम यांच्यासमवेत नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि हैदराबादचे सय्यद अहमद यांनी नकला केल्या. औंधचे चित्रकार राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३२ साली अजिंठ्यावर पुस्तक काढले. हैदराबाद संस्थानच्या पुराणवस्तू खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात चार भागांचा जो भव्य ग्रंथ सिद्ध केला, त्यात रंगीत छायाचित्रे होती. जे गिल यांच्या कॅमेऱ्याला साधले नव्हते ते सत्तर वर्षांनी साधले. १९९१ साली बिनॉय बहल यांनी मंद प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रांनी काळोखाचीही अडचण बरीच दूर केली. १९८३ साली युनेस्कोने अजिंठ्याला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले होतेच. या सर्व परंपरेचा पहिला दुवा म्हणजे अजिंठ्याच्या बारादरीत राहणारा तो वयस्क मेजर.

गिल यांच्या छायाचित्रांचे मोल आज निराळ्याही कारणाने आहे. विसाव्या शतकात अजिंठ्याची मोठी डागडुजी झाली. मोडलेले खांब नव्याने उभे केले गेले, ढासळलेल्या ओसऱ्या सावरल्या, पायवाटा आणि कठडे बांधले. ही दुरुस्ती अवश्यच होती. परंतु त्यामुळे आज समोर दिसणारा खांब जुना की नवा, याचा निर्णय नुसत्या डोळ्यांनी होत नाही. अशा वेळी १८६०च्या दशकातील ते करड्या, पिवळट छटेचे छायाचित्र साक्षीदार म्हणून पुढे येते. तुटलेला खांब त्यात तुटलेलाच असतो. ते चित्र शोभेसाठी घेतलेले नव्हते, आणि म्हणूनच ते खरे बोलते.

या माणसाचे मूल्यमापन करताना भाबडेपणा नको. गिल हे परकीय सत्तेचे चाकर होते. चित्रे लंडनला गेली ती तेथील विद्वानांसाठी आणि प्रदर्शनांसाठी. ज्या मुलखाचा हा वारसा, त्या मुलखातील लोकांना त्यांतले एकही चित्र पाहावयास मिळाले नाही आणि ती जळाल्याची वार्ताही बहुतेकांच्या कानी आली नसेल. एखादी पेटी मुंबईत, एखादी हैदराबादेत राहिली असती, तर आज दक्षिणेत काही उरले असते. परंतु हा दोष धोरणाचा होता. भिंतीपुढे उभा राहून राजपुत्राच्या मुकुटातील एकेक मोती मोजून उतरविणाऱ्या हाताचा तो नव्हे.

आणि या दोषाचा विचार आपल्या घरीही करण्याजोगा आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद या गावांतील जुन्या मराठी कुटुंबांच्या माळ्यांवर आणि कपाटांत काचेची जुनी चित्रे, लग्नकार्यांचे, वाड्यांचे, पलटणींचे फिके फोटो अजूनही पडून असतात. मागे नाव नाही, साल नाही, दुसरी प्रत नाही. ज्या पिढीला त्यांतील चेहरे ओळखता येतात, ती पिढी थकत चालली आहे. मागच्या बाजूस पेन्सिलीने दोन ओळी लिहाव्यात, एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी, याहून अधिक खर्च त्यास नाही. अजिंठ्याच्या चित्रांच्या बाबतीत दोनदा जे घडले, ते टाळण्याचा इतका साधा उपाय आहे.

१८७९ सालच्या एप्रिल महिन्यात गिल आजारी पडले. ऐन उन्हाळा होता. उपचारासाठी त्यांना भुसावळकडे नेत असता १० एप्रिल रोजी त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. भुसावळच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. ज्या स्थानकावर दिवसरात्र गाड्यांची ये-जा असते, त्या गावात हा मनुष्य निजलेला आहे, हे गाड्यांतून उतरणाऱ्या प्रवाशांतील फारच थोड्यांना ठाऊक असते. अजिंठ्याचा रस्ता धरणाऱ्याने वाटेत त्याची आठवण केली, तर ती एका प्रेमकथेच्या नायकाची म्हणून जरूर करावी. परंतु त्याआधी ती करावी एका सैनिकाची म्हणून. त्याला नेमून दिलेले काम आगीने हिरावून घेतले, तरी त्याने आपली जागा सोडली नाही. हाती उरलेल्या दुसऱ्या साधनाने तो शेवटपर्यंत नोंद करीत राहिला.